वरिजिनल

आमच्या गोठ्यामागच्या पडवीत आण्णांचं मशीन बारा वर्षं पोत्याखाली पडून होतं. त्याच्या पायडलवर कोंबड्या अंडी घालायच्या. निवृत्त होऊन महिना झाला आणि मी ते पोतं ओढलं, तेव्हा खुडूक बसलेली एक कोंबडी फडफडत अंगावर आली. मागून आमची ही म्हणाली, "स्वतःला काम नाही म्हणून तिला कशाला उठवताय?"

मशीन सिंगरचं, २९ के. आमच्या धंद्यात त्याला नुसतं पॅचिंग मशीन म्हणतात. रस्त्याच्या कडेला ते पुष्कळांनी पाहिलेलं असतं, पण निरखलेलं नसतं, म्हणून सांगतो. शिंप्याच्या मशीनला खाली दाते असतात; ते कापड ओढून पुढं सरकवतात. याला खाली दाते नाहीत. वरून सुईबरोबर उतरणारा पायच चामडं धरतो, पुढं ढकलतो, उचलतो, परत धरतो. आणि हा पाय सगळ्या बाजूंनी गरागरा फिरतो. त्यामुळं बूट जागच्या जागी ठेवून टाका हवा तिकडं नेता येतो. मशीनचा खालचा हात लांब आणि टोकाला एवढा बारीक, की बुटाच्या नाकापर्यंत आत शिरतो. त्या टोकात शटल. शटल हलवायला हाताच्या पोटातून एक दातेरी पट्टी जाते आणि तिच्या शेवटाला चिंचोक्याएवढं दातेरी चक्र असतं. ही पट्टी आणि हे चक्र लक्षात ठेवा, पुढं सगळं रामायण त्यांच्यावरच आहे.

बुडाशी ठोकलेला नंबर 'वाय' अक्षरानं सुरू होतो. सिंगरच्या मशीनचं साल नंबरावरून काढता येतं. वाय हे अक्षर १९२२ ते १९३५ या काळात स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून निघालेल्या मशीनांवर असायचं. म्हणजे हे मशीन आण्णांच्याच वयाचं, दोन-चार वर्षं इकडं-तिकडं. क्लाइडबँकचा तो अवाढव्य कारखाना १९८० साली कायमचा बंद झाला. त्यानं जन्माला घातलेलं हे लेकरू मात्र कृष्णाकाठी, कराडच्या खाली, आण्णांचा डोळा अधू होईपर्यंत चालत होतं.

आजोबांनी असलं मशीन कधी वापरलं नाही. ते मोटा शिवायचे. कमावलेलं कातडं, तोंडाला लोखंडी कडं, खाली सोंड. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हे शब्द माझ्या नातवाला आता शब्दकोशातच सापडतील. वर्षभर मोटा शिवायच्या, फाटल्या की सांधायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. मागायचंच, कारण देणारा वर आणि घेणारा खाली, हे ठरलेलं. किर्लोस्करवाडी आमच्यापासून फार लांब नाही. १९१० साली तिथं माळावर कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर निघाले, पुढं पंप आले, आणि हळूहळू विहिरींवर इंजिनं धडधडायला लागली. आजोबांचं बलुतं आटलं. त्या इंजिनांना मी शिव्या देणार नाही. मोटेमागं बैलही मरायचा आणि माणूसही. पण ज्याच्या हातातलं काम गेलं त्याला पुढं काय, हे कुणी विचारलं नाही. तो आपोआप काहीतरी करील असं गृहीत धरलं गेलं.

आण्णांनी आपोआप काही केलं नाही. १९५६ साली साताऱ्यात एका बूटवाल्यानं दुकान मोडलं, तेव्हा आईचे चांदीचे तोडे आणि गोठ विकून त्यांनी हे मशीन घेतलं. एस.टी.च्या टपावर टाकून आणलं. आमच्या भागात घरटी एक फौजी. सुट्टीवर आलेली पोरं बूट घेऊन यायची, कुणी पिशवी, कुणी बैलाच्या घुंगरांचा पट्टा. खळ्यावर जाऊन मागणं संपलं. माणूस दारात येऊन म्हणायला लागला, "आण्णा, किती झालं?" आई म्हणायची, तोडे गेले त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. मला ते खरं वाटत नाही, पण म्हणायची.

मी मशीनला हात लावला की आण्णा रापीच्या मुठीनं बोटावर मारायचे. "हात वहीला लाव. ह्येला लावलास तर ह्योच हात ऱ्हाईल तुझा." मी वहीला लावला. कर्मवीरांच्या संस्थेच्या बोर्डिंगात राहून, कमवा आणि शिका करत शिकलो. आणि १९७९ साली सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात मास्तर झालो. गणित आणि शास्त्र.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९८४ चा पावसाळा असेल. आण्णा शाळेत आले. माझेच बूट शिवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात होतो. शेजारून एकानं विचारलं, "कोण हो सर हे?" मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत."

आण्णांनी ऐकलं. माझ्याकडं बघितलंही नाही. मान डोलावून त्या माणसाला म्हणाले, "व्हय, गावचाच हाय." बूट बाकावर ठेवले, उभ्यानं चहा घेतला आणि गेले. त्यानंतर वीस वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल ना ते बोलले, ना मी.

म्हणून मला मशीन चालू करायचं होतं. त्या वेळी हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचो, छंद आहे.

आठ दिवस मशीनचे सुटे भाग रॉकेलात बुडवून ठेवले. गंज सुटला, पण हाताच्या खाचेतलं मेण निघेना. दोऱ्याला ओढून ओढून साठ वर्षांत तिथं मेण बसलं होतं आणि त्यात दोऱ्याचे तुकडे रुतलेले. दाभणाच्या टोकानं ते काढताना एक तपकिरी धागा निघाला. कुणा फौजीच्या बुटाचा असेल. तो मी काडेपेटीत ठेवला, आणि का ठेवला म्हणून स्वतःवरच चिडलो. पट्टा नवा घातला. याची सुई वेगळी असते, शिंप्याची चालत नाही. ती कोल्हापुरातनं आणली. चाक फिरलं. ओळखीचा आवाज आला, आणि ही चुलीपासून उठून बाहेर आली.

पण टाका सुटायचा. चार टाके नीट, पाचवा हवेत.

मिरजेतला एक मिस्त्री जुनी मशीनं जाणतो. मिरजेत असली माणसं निघतात. तिथल्या सतारी ज्यांनी देशभर नेल्या ते शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. हत्यारं गेली तेव्हा भोपळ्याला आणि तारेला लागले. हा मिस्त्री काही त्यांतला नव्हे, पण कान तसाच. मशीन न उघडता, नुसता आवाज ऐकून म्हणाला, "दातं खाल्ल्यात. पट्टीचं बी आन् चक्राचं बी." सुई खाली जाऊन किंचित वर आली, की दोऱ्याचा एक बारीकसा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलच्या टोकानं त्या फासात शिरायचं असतं. दाते झिजले की शटल केसभर उशिरा पोचतं, तोवर फास निघून गेलेला असतो.

मग हिंडणं सुरू झालं. सातारा, सांगलीची गणपती पेठ, कोल्हापूरचं सुभाषनगर, पुण्याचा जुना बाजार. लहान बॉबिनचं मशीन वेगळं, मोठ्या बॉबिनचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. हे दर दुकानात नव्यानं कळायचं. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचा मेव्हणा विट्याकडचा गलाईवाला. ही खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला हिंदुस्थानभर पसरली आहेत, कुठल्याही शहरात एक तरी सापडतोच. हा आग्र्यात होता. तिथं बुटांचा मोठा बाजार. त्यानं बिचाऱ्यानं दोन दिवस मोडून नकली पट्टी आणि चक्र पाठवलं. बसलं, पण सैल. आता सातवा टाका सुटायला लागला.

मिस्त्री म्हणाला, "दोन वाटा हैत सर. कुपवाडच्या एम.आय.डी.सी.त वायरकटवर नवं कापून घ्या. पाच-सा हजार घेतील. न्हाईतर दुसऱ्या मशीनचं वरिजिनल बगा."

मी म्हणालो, "ओरिजिनलच बघू."

या शब्दावर मी पुढं पुष्कळ दिवस अडून राहिलो, म्हणून इथं थोडा थांबतो. कुपवाडला कापलेलं चक्र कदाचित अधिक बिनचूक निघालं असतं. पण मला ते नको होतं. क्लाइडबँकच्या लोखंडाशिवाय ते आण्णांचं मशीन राहणार नाही असं वाटत होतं. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. राजा रथातून आला, तर नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? दांडी का? आस का? चाकं का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि मग रथ हे नुसतं एक नाव उरतं. पोरांना पटावं म्हणून मी जिल्ह्याचंच उदाहरण द्यायचो. माझं आजोळ तासगाव तालुक्यातलं. आई जन्मली तेव्हा ते सातारा जिल्ह्यात. १९४९ साली जिल्हा तोडला, तेव्हा दक्षिण साताऱ्यात. १९६० पासून सांगलीत. गाव तसूभर हललं नाही. पोरं हसायची. आणि तोच मी आता दोन इंची लोखंडी पट्टीसाठी मूळ, मूळ करत हिंडत होतो.

त्यातून आमच्या माणसानं मुळाच्या मागं लागावं हे तर आणखी नवल. नव्या गावात बदली झाली, की पहिल्या आठवड्यात कुणीतरी गोड आवाजात विचारायचं, "सर, मूळचे कुठले?" गाव सांगितलं की, "तसं नाही, मूळ आडनाव?" हा प्रश्न भूगोलाचा नसतो हे दोघांनाही ठाऊक असतं. चौतीस वर्षं मी त्या प्रश्नाला बगल देत आलो. अस्सल म्हणजे काय, यावर तर आमच्याकडं एक गंमतच आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सोलापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांची मिळून एक मूळ कोल्हापुरी. आणि ती शिवायची चामड्याच्या वादीनं, हातानं. आण्णांच्या मशीनला त्या अस्सलपणात जागाच नाही.

हे सगळं मला कळत होतं. तरी मी वरिजिनल शोधत होतो.

ते सापडलं तासगावकडच्या एका बाजारगावात, एस.टी. स्टँडच्या बाहेर, लिंबाखाली. हुबेहूब आण्णांचं मशीन. मागं एक पंचाहत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. द्राक्षांचा मुलूख, त्यामुळं त्यांच्याकडं निम्मं काम पाठीवरच्या फवारणी पंपाच्या पट्ट्यांचं. बाकी दप्तरं, कंडक्टरच्या पिशव्या, चपलांचे अंगठे. मी नुसतं उभं राहून ऐकलं. एकही टाका सुटत नव्हता.

मुलगा कुपवाडला कारखान्यात आहे. त्याला फोन केला तर रविवारी आला, आणि व्यवहाराला सरळ. "सर, पंधरा हजार द्या. आप्पांना नवं चायना मशीन घेतो, नऊ-दहात येतंय. हलकं हाय, हातानं फिरतंय. त्यांचं पाय दुखायचं बी ऱ्हाईल. तुमचं बी काम हुतंय." मी हिशेब केला. माणूस फसत नव्हता. उलट वर पाच हजार राहत होते. पैसे खिशात होते. मी आप्पांकडं बघितलं. ते शिवता शिवता, मान वर न करता म्हणाले, "व्हय, न्या की."

मी त्याच दिवशी पैसे दिले असते. पण म्हणालो, एक दिवस मशीन चालताना बघतो, पुढच्या गुरुवारी देतो. मिस्त्रीनं तसं बजावलं होतं म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

गुरुवार बाजाराचा. मी सकाळी नऊला जाऊन त्यांच्याजवळ पोत्यावर बसलो. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, आप्पांच्या मशीनचे आतले दाते शाबूत, पण वरच्या पायाचे दाते पार गुळगुळीत झालेले. पाय चामड्याला धरतच नव्हता. दर टाक्याला आप्पा डाव्या अंगठ्यानं पट्टा पुढं ढकलत होते. टाका, ढकल. टाका, ढकल. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. आणि आमच्या पडवीतल्या मशीनचा पाय धारदार होता. शेवटची काही वर्षं आण्णांना काम कमी होतं. दोन्हींचं मिळून एक मशीन झालं असतं. कुणाचं, एवढाच प्रश्न.

दुपारी भाकरी सोडताना त्यांनी मला अर्धी दिली. मी घेतली. मग त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या मशीनवर काय शिवनार?"

"शिवणार काही नाही, आप्पा. वडिलांची आठवण."

"मग चालू कशाला पायजे? बंद मशीन बगून आठवन येत न्हाई व्हय?"

टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर आलं नाही. मी म्हणालो, "तुम्हाला नवं मशीन येणारच आहे की."

"ती बगितलीया मी. चांगली हाय. पट्टा जाड आला की तिचं सगळं अंग हालतं." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगा म्हंतोय तर आसू द्या. ऱ्हायलीत किती वर्सं आता."

संध्याकाळच्या गाडीनं परत येताना त्यांचं ते "व्हय, न्या की" डोक्यातून जाईना. कुठंतरी ऐकलेलं वाटत होतं. इस्लामपूर मागं पडल्यावर आठवलं. शब्द वेगळे होते. मान तशीच डोलली होती.

रात्रभर मी दोन्ही बाजूंनी वाद घातला, मास्तर माणूस. मुलगा वारस आहे, तो विकतोय. आप्पांनी संमती दिलीय. किंमत वाजवी आहे. म्हाताऱ्याचे पाय सुटतील. यात खोटं काहीच नव्हतं, आणि आजही नाही. एखाद्यानं हा व्यवहार केला असता तर त्याला मी वाईट म्हटलं नसतं. पण मी कशासाठी करत होतो? एका चांभाराला मी चारचौघांत नाकारलं होतं. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या चांभाराच्या पुढ्यातलं मशीन उचलून आणणार होतो, घरी हॉलमध्ये मांडण्यासाठी, पॉलिश करून. दोष माझा, आणि तो फेडायला अंगठा आप्पांचा. पैसे मोजले म्हणजे ते फिटतं का? बाजारात फिटत असेल. मी पैसे देत होतो ते लोखंडाचे. त्यांच्या गप्प बसण्याचे नाहीत.

आणि मशीन चालू झालं असतं तरी आण्णांना काय सांगायचं होतं त्यानं? आण्णांनी ते माझ्यापासून लांब ठेवलं होतं. त्याची पूजा करावी असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या लेखी ते पोट भरायचं साधन, आणि त्यातून पोराला बाहेर काढायचं. मी त्याला देव्हाऱ्यात बसवणार होतो, म्हणजे त्यांचे हात सोडून बाकी सगळ्याला नमस्कार.

इथं गोष्ट छान वळणावर आली आणि मी दुसऱ्याच दिवशी पाय काढून आप्पांना नेऊन दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मुलाला फोन करून व्यवहार मोडला एवढंच केलं. तो नाराज झाला. त्याचंही बरोबर होतं. पाय द्यायला दोन महिने लागले. देऊन टाकला तर आपलं मशीन कायमचं लुळं, हा विचार सुटेना. कुपवाडला चक्र कापून घेतलं असतं तर माझं मशीन चाललं असतं आणि कुणाचं काही जाणारही नव्हतं. त्या वाटेनं मी गेलो नाही, याला कारण काय ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित मशीन चालावं ही इच्छाच त्या गुरुवारी संपली.

शेवटी ही म्हणाली, "रोज तो स्क्रू सैल करता आणि परत आवळता. एक काहीतरी करा, नाहीतर कोंबडीला जागा द्या."

पाय फडक्यात गुंडाळून नेला. आप्पांनी तो उन्हात धरून बघितला, दातांवरून बोट फिरवलं, म्हणाले, "वरिजिनल हाय." बसवायला अर्धा तास गेला. मग जाड पट्टा घातला. पायानं पट्टा धरला, ढकलला, उचलला. आप्पांचा डावा अंगठा सवयीनं पुढं आला आणि तिथंच थांबला. त्याला काही कामच राहिलं नव्हतं.

किती द्यायचे, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, तसं चालत न्हाई. बाजारात, सगळ्यांसमोर, त्यांनी माझ्या हातावर दोनशे रुपये ठेवले. मी घेतले. ते घेताना बरं वाटलं नाही, पण न घेता येत नव्हतं, कारण फुकट घेणं म्हणजे काय ते आमच्या दोघांच्याही आजोबांना माहीत होतं.

मुलाचा विचार अजून पालटलेला नाही. "आप्पा हायत तवर ऱ्हाऊ दे," म्हणतो. नंतर ते मशीन विकलं जाईल. हल्ली पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत असल्या मशीनांच्या लोखंडी पायावर फळी टाकून टेबलं करतात. तिथं गेलं तर आण्णांचा पायही जाईल, आणि मला अडवायचा हक्क नाही. दिलेली वस्तू कुठं जाते हे विचारायचं नसतं म्हणतात. मी मात्र विचारतो, मनातल्या मनात, दर वेळी. मिस्त्री तर तोंडावर हसला. "दोन मशीनं होती, सर. एक बी तुमचं न्हाई ऱ्हायलं."

आमचं मशीन परत पडवीत गेलं. वर पोतं आहे.

गुरुवारी मी अजून जातो. आप्पांना बारीक दोरा ओवता येत नाही, तो मी ओवून देतो. चाक हातानं धरून सुई नेमकी वर आणायची असते, तेही येतं आता. गेल्या द्राक्षाच्या हंगामात एक जण पंपाचा तुटका पट्टा घेऊन आला. चाळिशीचा, टोपी, अंगाला औषधाचा वास. पट्टा पुढं करता करता थबकला. "सर? तुमी हितं?"

माझा विद्यार्थी. नाव आठवलं नाही, बाक आठवला.

"बसतो गुरुवारचा," मी म्हणालो.

त्यानं आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आप्पा कोन तुमचं?"

नातं तर काहीच नव्हतं. खरं बोलायचं तर कोणी नाहीत, असंच सांगायला हवं होतं.

"आमच्यातलेच आहेत," मी म्हणालो.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग पट्टा मशीनवर ठेवत म्हणाला, "बरं, कवा मिळंल? सांच्याला फवारनी हाय."

"हितंच थांब," आप्पा म्हणाले. "सर, चाक धरा."